काशाचे चामर

शरदाचे वर्णन करावयास बसलेल्या संस्कृत कवीचे काश नावाच्या गवतावाचून सहसा चालत नाही. ‘ऋतुसंहारा’च्या तिसऱ्या सर्गात शरद नववधू होऊन येते, आणि तिच्या अंगावरचे वस्त्र काशाच्या फुलोऱ्याचे असते. ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात रघु दिग्विजयास निघण्यापूर्वी हाच ऋतू राजाची बरोबरी करण्याच्या हौसेने कमळाचे छत्र आणि काशाचे चामर घेऊन उभा राहतो, पण राजाची शोभा काही त्यास साधत नाही. कालिदासाने जाईजुईला किंवा कमळाला जे स्थान दिले त्याच पंक्तीत हे रानगवत बसले आहे. नदीकाठी, ओसाड माळावर, कोणी न लावता उगवणारे, गंध नाही, मध नाही, देवाला वाहण्याजोगी पाकळी नाही, असे हे गवत त्याच्या दृष्टीने निःसंशय फूल होते.

हाच काश बुंदेलखंडात ‘काँस’ होतो. झाशी, जालौन, सागर ही नावे मराठी वाचकास परकी नाहीत; पेशवाईत या मुलखाचा वसूल मराठी अंमलदारांच्या हाती होता. येथील काळ्या जमिनीला तेथले लोक ‘मार’ म्हणतात. दुष्काळाने किंवा रोगराईने गाव उठले, जमीन दोनचार वर्षे पडीक राहिली, की काँस तिचा ताबा घेतो. त्याच्या मुळ्या, खरे म्हणजे जमिनीखालून आडव्या धावणाऱ्या खोडांच्या कांड्या, इतक्या खोल जातात की बैलांच्या लाकडी नांगराचा फाळ तेथवर पोचत नाही. पोचलाच तर कांड्यांचे तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्यातून नवा झुबका वर येतो. नेटाने नांगरट करणाऱ्या शेतकऱ्यास शिक्षा देणारे असे हे गवत! बुंदेलखंडाच्या जमाबंदीच्या कागदपत्रांत काँसचे नाव पुन्हा पुन्हा येते ते याचमुळे. स्वातंत्र्यानंतर धान्याची टंचाई होती आणि काँसाखाली गेलेली लक्षावधी एकर जमीन डोळ्यांपुढे होती. तेव्हा केंद्र सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने मागे टाकलेल्या यंत्रांवर तिचे काम सुरू झाले. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचे कर्ज काढून नवे ट्रॅक्टर आणण्यात आले. स्वतंत्र भारताने त्या बँकेकडून घेतलेले पहिले कर्ज रेल्वेसाठी होते. दुसरे हे, मुख्यत्वे एका गवतासाठी. उन्हाळ्यात जमीन हातभर खोल उलथून कांड्या उन्हात मरू द्यावयाच्या, हा त्यातला सारा डाव.

शरदवधूचे वस्त्रहरण जागतिक बँकेच्या खर्चाने झाले, असे एखादा विनोदी लेखक म्हणून जाईल. आम्हांस मात्र या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या असता विनोदाहून निराळा प्रश्न पडतो. यांतले खोटे कोणते? कालिदासाने पाहिले ते, की ट्रॅक्टरवर बसलेल्या चालकाने पाहिले ते?

कृषिशास्त्राच्या पुस्तकांत तणाची जी व्याख्या सर्रास आढळते ती अशी: नको त्या जागी उगवलेली वनस्पती म्हणजे तण. व्याख्या सोयीची आहे, पण तिच्यात वनस्पतीविषयी एक अक्षरही नाही. जे काही आहे ते जागेविषयी, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याविषयी. जाईला जाई म्हणताना आपण तिची पाने, पाकळ्या, गंध यांविषयी काही सांगत असतो. एखाद्या रोपाला तण म्हणताना आपण केवळ आपल्याविषयी सांगतो. सरकारी नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या वाचकांस हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. नाव रकान्यात असते आणि शेरा रकान्याबाहेर, शेवटी, तिरप्या अक्षरात. तण हा शेरा आहे. आणि फूल? फूल हेही पुष्कळदा शेराच असतो, मात्र तो अनुकूल असल्यामुळे तो कोणी मारला याची चौकशी होत नाही. टीकाकाराचे काम ही चौकशी करणे होय, असे आम्ही समजतो. म्हणून वनस्पतिशास्त्राचा आमचा अधिकार नसतानाही या विषयात शिरत आहोत.

काशाचे चामर जरा जवळ जाऊन पाहावे. दुरून जो पांढराशुभ्र तुरा दिसतो तो पाकळ्यांचा नव्हे. गवताला पाकळ्या नसतातच. प्रत्येक सूक्ष्म फुलाच्या तळाशी रेशमासारखे लांब केस असतात, आणि अशा सहस्रावधी केसांचा तो झुबका. हे केस बी पिकल्यावर वाऱ्यावर स्वार होतात आणि बीज दूर दूर नेऊन टाकतात. म्हणजे कवीला मोहविणारा जो भाग, तोच या गवताला शेताशेतांत पोचविणारा भाग. सौंदर्य एका अवयवात आणि उपद्रव दुसऱ्या अवयवात अशी वाटणी येथे नाही. राहता राहिली जमिनीखालची कांडी. ती कवीला दिसली नाही, कारण दिसण्यासाठी खणावे लागते. कालिदासाचा काश हा नेहमी दुरून आणि समूहाने पाहिलेला काश आहे. वस्त्र म्हणा, चामर म्हणा, दोन्ही उपमांना अंतर लागते. यात त्याचा दोष काढण्याचा हेतू नाही. अंतर हे काव्याचे एक हत्यारच आहे. मात्र ते हत्यार आहे हे वाचकाने विसरू नये.

या दोन दृष्टींच्या पलीकडची एक तिसरी दृष्टी बंगालात सापडते. तिकडे काश फुलला की दुर्गापूजा जवळ आली असे समजतात, आणि कलकत्त्यास बदली होऊन गेलेल्या मराठी कुटुंबांनाही दोनतीन वर्षांत ती खूण पाठ होते. सत्यजित राय यांच्या १९५५ च्या ‘पथेर पांचाली’त अपू आणि दुर्गा आगगाडी पाहण्यासाठी काशाच्या रानातून धावतात, तो प्रसंग ज्याने पाहिला त्याला पुन्हा सांगावा लागत नाही. चित्रपटाचे चित्रणच १९५२ च्या शरदात या प्रसंगाने सुरू झाले होते. थोडे काम करून मंडळी परतली आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा त्या जागी गेली, तो रान मोकळे! मधल्या दिवसांत गुरांनी काशाचा फुलोरा खाऊन टाकला होता. उरलेला प्रसंग पुरा करण्यासाठी त्यांना पुढच्या वर्षीच्या फुलोऱ्याची वाट पाहावी लागली. आम्हांस त्या गुरांविषयी मोठा आदर वाटतो. त्यांना तो काश फूलही दिसला नाही आणि तणही दिसला नाही. फूल-तणाच्या साऱ्या वादाला त्यांनी एका आठवड्यात जे उत्तर दिले तितके सरळ उत्तर आम्हां साक्षरांना देता येणार नाही.

आपल्या मराठी मुलखात काशाहून अधिक बोलके उदाहरण आहे ते हरळीचे. सोलापूर-पंढरपूरकडील काळ्या रानात हरळी आणि कुंदा ही नावे शेतकऱ्याच्या तोंडी शिवीसारखी येतात. हरळी माजली की कोळपे चालत नाही, नांगर अडतो, आणि शेवटी माणसे लावून जमीन खणून एकेक कांडी वेचून काढावी लागते. वेचलेली हरळी बांधावर टाकली तर बांधावरून ती पुन्हा रानात उतरते. आता हीच हरळी भाद्रपदात एकवीसच्या जुडीने बांधून गजाननाच्या मस्तकावर चढते, तेव्हा तिचे नाव दूर्वा. वनस्पती एकच, पान तेच, पेर तेच. परंतु ‘हरळी वाहिली’ असे मराठीत कोणी म्हणत नाही आणि ‘दूर्वा खणून काढल्या’ असेही कोणी म्हणत नाही. शेतकरी स्वतः दोन्ही करतो, सकाळी एक आणि पूजेच्या वेळी दुसरे, आणि त्याला त्यात विसंगती जाणवत नाही. कारण भाषेने आधीच दोन नावे देऊन भांडण मिटविले आहे. उत्तरेकडे ‘दूब’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. तेव्हा दोन शब्दांची ही श्रीमंती की पळवाट, याचा विचार भाषेच्या अभ्यासकांनी करावा. आमचा कल पळवाटीकडे आहे.

दिल्लीत या गवताचा तिसरा जन्म पाहावयास मिळतो. सरकारी बंगल्यांपुढची आणि वसाहतींतल्या बागांची जी हिरवळ, ती बहुधा हीच दूब. येथे तिच्यासाठी माळी आहे, पाण्याची पाळी आहे, कापणीचे यंत्र आहे. आणि तिच्यात दुसरे काही उगवले तर ते उपटण्यासाठी खुरपी आहे. म्हणजे जी सोलापुराकडे तण, ती येथे पीक. आणि येथे तण कोण? तर बहुतेक वेळा लव्हाळा, ज्याला इकडे मोथा म्हणतात. गणेशोत्सवाच्या दिवसांत दिल्लीतील मराठी गृहिणी भल्या पहाटे हिरवळीवर बसून दूर्वा खुडताना दिसतात, आणि नुकतीच यंत्राने कापलेली हिरवळ असेल तर त्यांना तीन पात्यांची दूर्वा सापडत नाही म्हणून त्या माळ्यावर रागावतात. माळ्याला त्या काय शोधत आहेत हे कळत नाही. त्याच्या दृष्टीने सगळी दूब सारखीच.

लव्हाळ्याचे नाव निघालेच आहे तर तुकोबांचे स्मरण होणे साहजिक आहे. महापुरात मोठे वृक्ष वाहून जातात आणि लव्हाळा मात्र टिकतो, हा त्यांचा दृष्टांत प्रत्येक मराठी माणसाला शाळेपासून पाठ आहे. नम्रतेचे ते उदाहरण. पण लव्हाळा या नावाने शेतकरी जे ओळखतो ते गवत का टिकते? जमिनीखाली त्याला गाठी असतात म्हणून. वरचे पाते वाकले, मोडले, कापले तरी खालची गाठ शाबूत असते आणि चार दिवसांत पुन्हा कोंब काढते. संताला जी नम्रता दिसली तीच शेतकऱ्याच्या भाषेत चिवटपणा होते. गुण एकच आहे आणि त्याला दोन निकाल मिळाले आहेत. तुकोबा स्वतः कुणबी होते, घरी शेती जाणणारे होते. लव्हाळ्याची दुसरी बाजू त्यांना ठाऊक नव्हती असे म्हणण्यास आम्ही धजत नाही. त्यांनी ती बाजूस ठेवली, कारण त्या क्षणी त्यांना पूर हवा होता, शेत नको होते.

गणपतीच्या एकवीस पत्रींची यादी पाहिली म्हणजे तर असे वाटते की ही यादी करणाराने मुद्दाम टाकाऊंची सभा भरविली असावी. आघाडा, धोतरा, रुई, माका, डोरली: गावकुसाबाहेरच्या उकिरड्याभोवतीची ही सारी मंडळी जाई आणि केवड्याच्या मांडीला मांडी लावून बसली आहेत. एक दिवसापुरती का होईना, त्यांना पाटावर जागा मिळते. दुसऱ्या दिवशी आघाडा पुन्हा धोतराला चिकटणारा काटेरी उपद्रव.

पुष्कळांची समजूत अशी असते की तण म्हणजे उपरे आणि फूल म्हणजे आपले. परक्या मुलखात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना ही समजूत तपासून पाहण्यात अंमळ स्वारस्य अधिक, हे कबूल. दसऱ्याचे तोरण, लक्ष्मीपूजनाची आरास, गाडीला आणि यंत्राला घातलेली माळ, या सर्वांत जो झेंडू मिरवतो तो मूळचा मेक्सिकोकडचा. युरोपीयांच्या जहाजांतून तो या देशात आला, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अलीकडचा. ज्ञानेश्वरांनी झेंडू पाहिला असणे शक्य नाही. आज त्याच्यावाचून दसरा होत नाही. त्याच अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसरे एक झुडूप बागेची शोभा म्हणून कलकत्त्यास आणले गेले. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, गुलाबी फुले येणारे, कुंपणाला लावण्याजोगे, फुलपाखरांना प्रिय. पक्ष्यांनी त्याची फळे खाऊन बी रानोमाळ नेले, आणि सह्याद्रीच्या उतारापासून मध्य प्रदेशाच्या वनांपर्यंत त्याने जमीन व्यापली. मराठीने त्याचे नाव ठेवले घाणेरी. दुसरे नाव टणटणी, पण रूढ झाली ती घाणेरी. पानाला उग्र वास येतो हे खरे; तो झेंडूच्या पानालाही येतो. बंगालात हीच कथा जलपर्णीची. जांभळ्या फुलांच्या मोहाने तळ्यांत सोडलेली ही वनस्पती नद्यानाले आणि भाताची खाचरे यांवर अशी पसरली की १९३६ साली बंगाल सरकारला तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. एका फुलावर कायदा! आणि गाजर गवत, जे १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम ध्यानात आले व पुढे देशभर पसरले, त्याला तर फूल म्हणून कोणी दारात घेतलेच नव्हते. त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगावर पुरळ उठते. तेव्हा उपरेपणाने निकाल लागत नाही. हातात मावते तोवर फूल, मावेनासे झाले की तण, एवढेच फार तर म्हणता येईल. परंतु तेही पुरते खरे नाही, कारण झेंडूही एकरांनी पिकतो.

तर मग निकाल कोठे लागतो? आमच्या मते तो पुस्तकात लागत नाही, बागेत लागत नाही; तो निंदणारीच्या हातात लागतो. उत्तरेत गव्हाच्या शेतात पौष-माघात बथुआ उगवतो. गव्हाचे पाणी आणि खत खाणारे ते तण, असे शेताचा मालक म्हणतो, आणि मोलाने बायका लावून ते काढवितो. ‘तण खाई धन’ ही आपली म्हण त्याला भाषा न समजताही पटेल. त्या बायका मात्र उपटलेला सर्व पाला बांधावर टाकीत नाहीत. त्यातला कोवळा बथुआ वेगळा होतो, गाठोड्यात बांधला जातो आणि संध्याकाळी चुलीवर चढतो. उरला तर दुसऱ्या दिवशी हातगाडीवर येतो. दिल्लीत हिवाळ्यात बथुआची जुडी घेणाऱ्या मराठी गृहिणीला घरी येऊन पाने निवडताना ओळख पटते की हा आपला चाकवत! तिच्या माहेरी तो वाफ्यात पेरतात, ताकातली त्याची पातळ भाजी सणावारी होते, आणि भाजीवाली त्याचे रोख पैसे मोजून घेते. मालकाचे तण, मजुरिणीचे कोरड्यास, आमची चाकवताची भाजी. आपल्याकडेही घोळ, टाकळा, कुर्डू, तांदुळजा, पाथरी या सर्वांचा जन्म असाच निंदणारीच्या ओच्यात झाला आहे. खुरपे एका क्षणात उचलले जाते, आणि त्या क्षणात एक रोप बांधावर जाते, एक ओच्यात. एवढी त्वरित आणि एवढी अचूक वर्गवारी कोणत्याही शास्त्रज्ञाला साधत नाही. टू-फोर-डी नावाचे औषध फवारले की रुंद पानांचे सारे तण गव्हातून नाहीसे होते, त्यात बथुआही जातो. फवाऱ्याला ओचा नाही.

रशियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव यांनी दाखवून दिले आहे की राय हे धान्य मुळात गव्हाच्या शेतातले तण होते. थंड मुलखात गहू हरला, तण टिकले, आणि तेथील माणसाने त्याचीच भाकरी केली. ओच्यातून पेवात जाण्याचा हा प्रवास जगभर झाला आहे.

आता आमच्या मुख्य विषयाकडे येतो. शेतातले तण काढणे याला विदर्भ-खानदेशाकडे निंदणे म्हणतात. साताऱ्या-कोल्हापुराकडे भांगलणे, कोकणात बेणणे, आणखी कोठे खुरपणे. पैकी निंदणे हा शब्द टीकाकाराने आपल्या टेबलावर लिहून ठेवावा असा आहे. व्युत्पत्तीने त्याचा निंदेशी संबंध नाही. कापून बाहेर काढणे या अर्थाच्या जुन्या धातूपासून तो आला असावा. परंतु मराठीत येता येता दोन्ही शब्दांचे रूप एक झाले आणि भाषेने नकळत एक सत्य सांगून टाकले. टीका हीही निंदणीच आहे. कोणते बांधावर टाकावयाचे आणि कोणते ठेवावयाचे हे ठरविणारे हात येथेही आहेत. फरक इतकाच की शेतातली निंदणारी स्वतः तासात वाकलेली असते, आणि साहित्यातला निंदणारा बहुधा बांधावर खुर्ची टाकून बसलेला असतो.

आधुनिक मराठी निसर्गकवितेकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? बालकवींची ‘फुलराणी’ ही कोणत्या जातीच्या फुलाची कविता आहे, हे कोणीही सांगू शकणार नाही. गवतात उमललेली एक अनामिक कळी. तिच्यावर प्रीती करणारा रविकिरण. आणि मग सृष्टीने मांडलेला विवाहसोहळा. खुरप्याच्या भाषेत सांगावयाचे तर कुरणातले एक रानटी रोपटे. परंतु या कवितेवर अंतराचा आक्षेप घेता येत नाही, कारण बालकवी त्या कळीकडे दुरून पाहत नाहीत. ते तिच्या उंचीवर उतरले आहेत, आणि त्या उंचीवरून गवत हाच महाल दिसतो. तिला नाव नाही म्हणूनच तिला तण म्हणता येत नाही. तक्रार करावयाची ती बालकवींनंतरच्या त्या असंख्य कवितांविषयी, ज्यांनी त्यांची उंची घेतली नाही आणि गालिचा मात्र घेतला. त्या कवितांतून जाई, जुई, मोगरा, पारिजात ठरलेल्या वेळी येतात आणि ठरलेली कामे करून जातात. हजेरीपटावर त्यांची सही असते. टाकळ्याची, कुर्डूची, घाणेरीची तेथे नेमणूकच झालेली नाही. दुर्गाबाई भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली गद्यात आले आणि सृष्टीकडे नावानिशी, बारकाईने पाहता येते हे मराठी वाचकास कळले. कवितेत ते यावयास पुढे ना. धों. महानोरांच्या १९६७ च्या ‘रानातल्या कविता’ यावी लागली. अजिंठ्याच्या परिसरात स्वतः शेती करणारा तो कवी होता, ही गोष्ट योगायोगाची नव्हे.

पण त्याही आधी बहिणाबाई होत्या. १८८० साली खानदेशातील असोद्यास जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी स्त्रीची गाणी तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. पेरणीपासून उपणणीपर्यंतची सगळी कामे त्या गाण्यांत आहेत, आणि ती करणाऱ्या हातांनी सांगितलेली आहेत. मनाला त्यांनी उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा दिली. कितीही हाकलले तरी ते परतून येते. हा दृष्टांत बांधावरून सुचणारा नव्हे. ज्याने पीक राखले आहे त्यालाच हाकलण्याचा कंटाळा आणि परतण्याचा चिवटपणा एकाच शब्दात पकडता येतो. कालिदासाचे चामर आणि बहिणाबाईंचे ढोर यांत लहानमोठे ठरविण्याचा आमचा आग्रह नाही. मात्र मराठी टीकेने पहिल्या प्रकाराला काव्य म्हटले आणि दुसऱ्याला बराच काळ ‘साधी, भोळी, निसर्गदत्त’ अशा विशेषणांत गुंडाळून बाजूस ठेवले, याला आमचा आक्षेप आहे. आपोआप उगवते, म्हणजे कोणी मेहनत घेतली नाही, म्हणजे गौण: हा तर्क तणाविषयीचा आहे, कवितेविषयीचा नव्हे.

उलट दिशेचे उदाहरण मर्ढेकरांचे. १९४७ च्या ‘काही कविता’त पिंपातले उंदीर, यंत्रे आणि कारखानी शब्द आले, तेव्हा उठलेला गदारोळ नीट ऐकला तर त्यातली तक्रार नेमकी कृषिशास्त्राच्या व्याख्येतली होती. उंदीर असू नयेत असे कोणी म्हणत नव्हते. ते कवितेत असू नयेत असे म्हणत होते. नको त्या जागी उगवलेले! अश्लीलतेचा खटलाही झाला आणि त्यातून ते सुटले. आकाशवाणीच्या सेवेत गावोगाव फिरलेला हा कवी १९५६ साली दिल्लीस वारला. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या सेवेचा आणि निवृत्तीचा मार्ग ज्या शहरातून जातो तेथेच. त्याचे उंदीर आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आहेत. कुंडीत लावल्यावर त्यांना आता खुरप्याचे भय उरलेले नाही. त्यांचा मूळचा उग्रपणा या कुंडीत टिकला का, हे शिकविणाऱ्यांनी पाहावे.

काशाची कथा अपुरी राहिली आहे. ज्या सरकारने त्याच्या नाशासाठी कर्ज काढले त्याच सरकारच्या ताब्यात कोइम्बतूरची ऊसपैदास संस्था होती. ती स्थापन झाली १९१२ साली. बार्बर आणि वेंकटरमण यांनी तेथे जाड, गोड, पण नाजूक उसाशी याच रानटी काशाचा संकर केला. उसाने गोडवा द्यावा आणि काशाने चिवटपणा, असा तो बेत. त्यातून निघालेली ‘को २०५’ ही जात १९१८ मध्ये पंजाबातील शेतकऱ्यांच्या हाती गेली. पुढे जानकी अम्मल यांनी याच संस्थेत काशाच्या आणि उसाच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. ‘को’ या अक्षराने सुरू होणाऱ्या ज्या जाती महाराष्ट्रात पिकल्या, अनेक वर्षे गाजलेली ७४० आणि आजची ८६०३२ यांसह, त्यांच्या वंशात काश आहे. बुंदेलखंडात ज्याला खणून काढले तो कोल्हापुरात कारखान्याच्या गव्हाणीत पडतो आणि चहात विरघळतो.

ही वंशपरंपरा कधीकधी उघडीही पडते. नोव्हेंबर-डिसेंबरात उसाला तुरा येतो. लांबून पाहावे तर रानभर रुपेरी चामरे वाऱ्यावर ढळत असतात. कालिदासाला ती पाहून पुन्हा एक सर्ग सुचला असता. शेतकऱ्याच्या मात्र पोटात गोळा येतो. तुरा आला की उसाची वाढ थांबते, कांडे पोकळ पडू लागते, वजन घटते, उतारा घसरतो. मग तो आपल्या फडाला तोड लवकर मिळावी म्हणून चिटबॉयच्या आणि कारखान्याच्या शेतकी कचेरीच्या दारात खेटे घालू लागतो.